नागपूर ते न्यूयॉर्क : सोळा तास की साडेएकतीस?

आमच्या उत्तर नागपुरातल्या वस्तीत पूर्वी एखाद्याचा मुलगा नोकरीसाठी मुंबईला गेला, तरी बायामाणसे "पोरगा लांब गेला" असे म्हणत. आता दिवस पालटले आहेत. दोन-चार घरे सोडली की कोणाची मुलगी जर्मनीत, कोणाचा जावई कॅनडात, कोणाचा पुतण्या अमेरिकेत. शिक्षणाने ही दारे उघडली, याचा आनंद प्रत्येक घराला आहे आणि तो असायलाच हवा. परंतु "किती लांब आहे हो?" असे कोणी विचारले, की आईबाप तिकिटावरचा आकडा सांगून मोकळे होतात. न्यूयॉर्क म्हटले की उत्तर ठरलेले : सोळा तास.

आम्ही उभयता निवृत्त माणसे. एकाची नोकरी डाक खात्यात गेली, दुसरीची प्राथमिक शाळेत. आमची मुलगी व जावई अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एडिसन गावी राहतात. २०२३ च्या सप्टेंबरअखेर आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि डिसेंबरात परत आलो. डाक खात्यातल्या माणसाला वेळ लिहून ठेवण्याची सवय असते. त्यामुळे जाता-येताना प्रत्येक टप्प्याची वेळ आम्ही वहीत मांडली. त्या वहीतला हिशेब वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांची मुले दूर आहेत किंवा उद्या जाणार आहेत, त्यांना तो उपयोगी पडेल असे वाटते. कारण हा हिशेब घरातल्या एका फार नाजूक प्रश्नाशी येऊन भिडतो. तो प्रश्न पुढे येईलच.

दोऱ्याने मोजलेले अंतर

प्रथम अंतर पाहू. भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहिला, तर मुंबईहून अमेरिकेला जायला अरबी समुद्र, मग आफ्रिका, मग अटलांटिक महासागर असे सरळ पश्चिमेला जावे असे वाटते. पण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. नातवाकडे पृथ्वीचा गोल होता. त्याने व आम्ही मिळून त्यावर दोरा ताणून पाहिला. मुंबईवर एक टोक, न्यूयॉर्कवर दुसरे. दोरा ताठ केला, तर तो पश्चिमेला न जाता उत्तरेला वळला! सौराष्ट्र, कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड, मग ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडाच्या लॅब्राडोरवर उतरत तो न्यूयॉर्कला पोहोचला. नातू म्हणाला, "आजोबा, हे तर बर्फाकडून जाते!" अगदी खरे. दोन ठिकाणांमधला गोलावरचा सर्वांत आखूड रस्ता हाच. मुंबई ते न्यूयॉर्कचे केनेडी विमानतळ हे अंतर या रस्त्याने सुमारे १२,५३० किलोमीटर भरते.

मग आम्ही दोऱ्याचे टोक नागपूरवर ठेवले आणि आश्चर्य वाटले. नागपूर ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर. मुंबईपेक्षा शंभर किलोमीटरसुद्धा जास्त नाही. नागपूर मुंबईच्या पूर्वेला आहे खरे, पण रस्ता उत्तरेकडून जात असल्यामुळे न्यूयॉर्क दोघांनाही जवळपास सारखेच लांब. परंतु नागपूरच्या माणसाला हा दोरा उपयोगाचा नाही. आमच्या सोनेगावच्या विमानतळाला २००५ सालापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, मात्र ज्या न्यूयॉर्कला बाबासाहेब शिकले तिथे जायचे, तर आधी सुमारे ६८० किलोमीटर मुंबईला किंवा तशाच दुसऱ्या मोठ्या विमानतळाला जावे लागले. गोलावरचे अंतर सारखे, पण प्रवासाचे नाही. खेड्यातून आलेल्या माणसाला याची ओळख आहे. तालुक्याचा दवाखाना कोसावर असला तरी एसटी दिवसातून दोनदाच येते. तसेच हे.

विमानेसुद्धा नेहमी या दोऱ्याने जात नाहीत. आकाशाला कुंपण नाही असे आपण म्हणतो, पण कुंपण आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर अमेरिकेच्या व युरोपातल्या विमान कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. जून २०२५ मध्ये इराण व इस्रायल यांच्या युद्धात इराणवरचे आकाश काही दिवस बंद राहिले. अशा प्रत्येक वेळी वळसा पडतो, इंधन वाढते आणि कधी तास-दोन तासही वाढतात. आमचे विमान समोरच्या पडद्यावर पाहिले, तर ते तुर्कस्तान व युरोप करीत अटलांटिकवर गेले. सबब, तिकीट काढताना जो वेळ दिसतो तो त्या दिवसाचा असतो, कायमचा नसतो.

घड्याळाची गंमत

आमच्या तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ रात्री २ वाजता होती आणि न्यूयॉर्कला पोहोचण्याची वेळ त्याच तारखेला सकाळी साडेआठ. शेजारच्या मावशींनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "सहा-साडेसहा तासांत अमेरिका? इतक्यात तर आमची गाडी अमरावतीहून भुसावळलाही धड जात नाही!" आम्ही त्यांना समजावले. उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा तास. तिकडे मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात व नोव्हेंबरात पुन्हा मागे आणतात. म्हणजे न्यूयॉर्कला सकाळी साडेआठ वाजतात तेव्हा नागपुरात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. रात्री दोन ते संध्याकाळी सहा, झाले सोळा तास.

परत येताना याच्या उलट. डिसेंबरात आम्ही न्यूयॉर्कहून सकाळी अकराला निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईला उतरलो. तिकीट पाहिले तर पंचवीस तास वाटतात, पण त्यातले साडेदहा घड्याळाचे. प्रवास झाला साडेचौदा तासांचा. जाताना सोळा आणि येताना साडेचौदा, हा दीड तास कोठे गेला? तो वाऱ्याने दिला. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते विमानाला तोंडावर लागतात, येताना पाठीमागून ढकलतात. नदीत नाव प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध नेण्यात जो फरक, तोच हा.

या लांब प्रवासात बाहेर बहुतेक वेळ अंधारच होता. शेवटी अटलांटिकवर पहाट झाली, ती तासन् तास पहाटच राहिली. सूर्य ज्या दिशेला जातो त्याच दिशेला आमचे विमानही धावत होते, म्हणून त्याला आम्हांला गाठायला उशीर होत होता. विमानात सगळे झोपलेले, खिडकीच्या कडेला तांबूस रेघ. वयस्कर मंडळींना एक सांगणे : दर दोन तासांनी उठून चार पावले चालावे व पाणी पीत राहावे. एका जागी बसून पाय सुजतात आणि क्वचित पायात रक्ताची गाठ होण्याचे भय असते. रक्तदाब-मधुमेहाची औषधे मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. ज्यांना चालवत नाही त्यांनी तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवावी, त्यात कमीपणा नाही.

दारापासून दारापर्यंत

आता वहीतला खरा हिशेब. भारतीय वेळेनेच सांगतो, म्हणजे घोटाळा होणार नाही.

दुपारी २ वाजता आम्ही घराबाहेर पडलो. साडेचारला सोनेगावहून मुंबईचे विमान सुटले. ते सहा वाजून दहा मिनिटांनी सांताक्रूझच्या टर्मिनल १ वर उतरले. सामान हाती येईतो सात वाजले. परदेशाचे विमान सहारच्या टर्मिनल २ वरून. ते काही फार लांब नाही, पण मुंबईच्या संध्याकाळी टॅक्सीने आठ वाजले. सामान घेण्याची खिडकी दहाला उघडली. तोवर पेट्यांवर बसून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. सामान दिले, पासपोर्टवर शिक्का झाला, अंगझडती झाली. रात्री दोनला विमान सुटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला, म्हणजे तिथल्या सकाळी साडेआठला, केनेडी विमानतळावर उतरलो. तिथे पासपोर्ट तपासण्याची रांग मोठी होती. "किती दिवस राहणार? कोणाकडे? परतीचे तिकीट आहे का?" असे प्रश्न विचारले. खरे ते सांगितले आणि शिक्का मिळाला. सामान घेऊन बाहेर येईतो दोन तास गेले, तेव्हा आपल्याकडे आठ वाजले होते. जावई मोटार घेऊन आले होते. मुलीच्या दारात पाऊल टाकले तेव्हा नागपुरात रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

दुपारी २ पासून दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत : साडेएकतीस तास. त्यातले आकाशात पावणेअठरा तासांच्या आसपास. उरलेले जवळजवळ चौदा तास जमिनीवर, रांगेत आणि बाकांवर. सगळी विमाने वेळेवर होती, कागदपत्रे तयार होती, तिकीट महिनाभर आधी काढलेले होते, तरीही साडेएकतीस. वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

एक महिना ते एक दिवस

साडेएकतीस तास आपल्याला पुष्कळ वाटतात. पण याच शहराला पोहोचण्यासाठी पूर्वी काय लागत होते, ते आठवले की मान आदराने लवते. बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. वय बावीस वर्षांचे. बडोद्याची शिष्यवृत्ती होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील रामजी यांचे निधन झाले होते. त्या काळी मुंबईहून अमेरिकेला जायचे म्हणजे बोटीने सुएझ कालव्यातून युरोपकडे आणि तिथून अटलांटिक पार. साधारण महिन्याचा प्रवास. घरचे पत्र जायला महिना, त्याचे उत्तर यायला आणखी महिना. घरात कोणी आजारी पडले, तर ते पत्र पोहोचेपर्यंत माणूस बरा तरी झालेला असायचा किंवा गेलेला तरी असायचा. परत येणे तर पहिल्या महायुद्धात. १९१७ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेब मुंबईला पोहोचले, पण वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान, पुस्तकांसह, त्या बोटीवर पाणतीराचा हल्ला होऊन समुद्रात गेले.

पुढे विमाने आली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा करीत लंडनला निघाले. १९६० च्या मे महिन्यात ही सेवा लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत गेली. मध्ये न थांबता मुंबई ते न्यूयॉर्क असे एअर इंडियाचे विमान २००७ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. ही सेवा पुढे कधी बंद पडली, कधी शेजारच्या नेवार्कला गेली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई ते केनेडी विमानतळ अशी पुन्हा सुरू झाली. महिन्याचे अंतर शंभर वर्षांत एका दिवसावर आले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एके दिवशी मुलीने आम्हांला कोलंबिया विद्यापीठ दाखवायला नेले. एडिसनहून आगगाडीने न्यूयॉर्कचे पेन स्टेशन, तिथून जमिनीखालच्या १ क्रमांकाच्या गाडीने ११६ व्या रस्त्याचे स्थानक. हे स्थानक १९०४ साली सुरू झालेले आहे. म्हणजे बाबासाहेब आले तेव्हा ते होते. जिना चढून वर आलो की समोरच विद्यापीठाचे फाटक. आत मोठ्या पायऱ्या, त्यावर ज्ञानमातेचा कांस्य पुतळा, तोही १९०३ सालचा. आम्ही त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. मुले पुस्तके घेऊन जात-येत होती. १९१५ साली याच विद्यापीठाने बाबासाहेबांना एम. ए. ची पदवी दिली आणि ५ जून १९५२ रोजी सन्मानाने 'डॉक्टर ऑफ लॉज'. इथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना तर फोनही नव्हता." आम्ही नुसती मान हलवली. तिच्या मनात काय आहे ते आम्हांला कळले होते. तिच्या मनात आजी होती.

आजीचा प्रश्न

आमच्या आईचा जन्म १९४० सालचा, कामठीचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ती सोळा वर्षांची होती आणि आईवडिलांबरोबर कामठीहून पायी दीक्षाभूमीवर आली होती. त्यामुळे तिच्या लेखी अंतर म्हणजे "पायी किती वेळ" हेच. मुंबईचे अंतरही ती तसेच विचारी. आम्ही दोघे नोकरीला जात असल्यामुळे मुलीला आजीनेच वाढवले. शाळेचा डबा तिनेच भरला, आजारपण तिनेच काढले. मुलगी अमेरिकेला गेल्यापासून दर रविवारी फोनवर एक प्रश्न निघे, कधी हसत, कधी रडत : "आजीला काही झाले तर मी पोहोचेन ना?" आणि आम्ही म्हणत असू, "हो, सोळा तासांचा तर प्रवास."

डिसेंबरात परत आल्यावर एका संध्याकाळी आम्ही वही उघडून आईसमोर बसलो. साडेएकतीस तासांचा हिशेब तिला सांगितला. मुलीला तिकडून निघायचे, तर आधी तिकीट मिळायला हवे. त्या दिवशीचे विमान निघून गेलेले असेल, तर दुसऱ्या दिवसाचे. मुंबईहून नागपूरचे विमान चुकले, तर रात्र तिथेच. म्हणजे निरोप मिळाल्यापासून दारात येईतो दीड दिवस हा सर्वांत चांगला योग, दोन-अडीच दिवस हा नेहमीचा. आईने सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "मले बरफावर नका ठेवू रे. पोरीले घाई करू नका म्हना. ते आल्यावर घरात बसून रडन, तेवढं पुरे."

आम्ही म्हटले, "हे तूच तिला सांग." पुढच्या रविवारी तिने फोनवर स्वतः सांगितले. मुलगी पुष्कळ रडली, "असं नको बोलू आजी" म्हणाली. पण बोलणे झाले. आईने आपल्या मुलीला, म्हणजे आमच्या ताईंनाही, तेच सांगितले. ताईंना ते रुचले नाही. "नातीचं तोंड पाहिल्याशिवाय कसं न्यायचं?" असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांच्या म्हणण्यात माया होती हे आम्ही नाकारीत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, एका बुधवारी पहाटे पाच वाजता आई गेली. चौऱ्याऐंशी वर्षांची होती, आदल्या रात्री दोन घास जेवून झोपली होती. न्यू जर्सीत तेव्हा मंगळवारची संध्याकाळ, साडेसात वाजलेले. फोन लावला. मुलीने लगेच विमाने पाहिली. त्या रात्री थेट जाणारे काही मिळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या विमानात एक जागा होती. ती गुरुवारी दुपारी बाराला मुंबईला उतरली असती, संध्याकाळचे विमान धरून रात्री आठला घरी. म्हणजे एकोणचाळीस तास. भर पावसाळ्याचे दिवस, घरात माणसांची रीघ. भाड्याने शीतपेटी मिळते, शेजारच्या मुलांनी फोनही लावला होता.

मुलीने विचारले, "बाबा, काय करू?" उत्तर आम्हांला द्यावे लागले नाही. तिनेच म्हटले, "आजीने सांगितलं होतं." थोड्या वेळाने म्हणाली, "न्या तिला. थांबवू नका." दुपारी चार वाजता त्रिशरण-पंचशील होऊन आईवर अंत्यसंस्कार झाले. तिकडे तेव्हा सकाळचे साडेसहा. भाच्याने मोबाईल हातात धरला होता आणि मुलगी पाहत होती. ताई रागावल्या होत्या, घाटावरही बोलल्या नाहीत. मुलगी नातवाला घेऊन आठवड्याने आली, पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी. आल्या-आल्या ती आजीच्या खाटेवर बसली. ताई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि दोघी बराच वेळ रडल्या. नंतर ताईच म्हणाल्या, "एकटी धावत आली असती तर रस्त्यात काय झालं असतं पोरीचं!" त्यांचा राग पूर्ण गेला असे नाही. पण आईची इच्छा तिच्याच तोंडून सर्वांनी ऐकलेली होती, म्हणून घर दुभंगले नाही.

प्रत्येक घराने आमच्यासारखेच करावे असे आमचे म्हणणे नाही. एकुलता एक मुलगा असेल, आईची तशी इच्छा असेल, तर दोन दिवस थांबण्यातही काही वावगे नाही. शीतपेटी आहे, रुग्णालयातल्या शवागारात सोय होऊ शकते. म्हणणे एवढेच आहे की, हे त्या पहाटे ठरवण्याचे काम नाही. आधी, हसत्या-खेळत्या घरात, ज्याचा प्रश्न आहे त्याच्यासमोर ठरवावे. आणि ते सोळा तासांचा आकडा धरून नव्हे, तर खरा आकडा धरून ठरवावे.

कागद आधी

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. अंतर किलोमीटरचे असते, तसे कागदाचेही असते, आणि ते कधी जास्त लांब पडते.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातला मुलगा कामाच्या परवान्यावर अमेरिकेत होता. तिथे राहण्याची त्याची मुदत वाढलेली होती, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. असा माणूस बाहेर पडू शकतो, पण परत शिरायला त्याला नवा शिक्का घ्यावा लागतो आणि त्यासाठी अमेरिकी वकिलातीत तारीख मिळवावी लागते. बायको-मुले तिकडे, नोकरी तिकडे. वडील गेले तेव्हा तो येऊ शकला नाही. गावात लोक म्हणाले, "पैशामागे लागला, बापाला विसरला." ते खरे नव्हते. म्हणून आईबापांनी मुलाला वर्षातून एकदा विचारावे, "तुझ्या पासपोर्टावरचा शिक्का केव्हापर्यंत आहे?" हा प्रश्न विचारण्यात संशय नाही, काळजी आहे.

नातवंडे तिकडे जन्मली असतील, तर त्यांचा पासपोर्ट अमेरिकेचा असतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून त्यांना इकडे यायला ओसीआय कार्ड किंवा भारताचा व्हिसा लागतो. तो वेळेवर करून ठेवावा. आमच्या नातवाचे कार्ड तयार होते, म्हणून आई-लेकरू आठवड्यात येऊ शकले. आपले स्वतःचे पासपोर्टही चालू ठेवावेत. तिकडे मुलीचे बाळंतपण असो की आजारपण, आईबापांनाच धावावे लागते आणि पासपोर्ट-व्हिसाला महिने लागू शकतात. बहीण-भावांनी मिळून तातडीच्या तिकिटाएवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवावी. ऐन वेळी तिकीट फार महाग पडते, आणि त्या वेळी कोणाकडे हात पसरणे जिवावर येते. निरोप कोणी द्यायचा, निर्णय कोणी सांगायचा, हेही एका माणसाकडे ठरवून द्यावे. दहा जणांनी दहा फोन केले, तर दूरचे माणूस वेडेपिसे होते.

आमच्या घरी आता भिंतीवर दोन घड्याळे आहेत. एक नागपूरचे, एक न्यू जर्सीचे. नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये दुसऱ्याचा काटा फिरवण्याचे काम ताईंनी आपल्याकडे घेतले आहे. रविवारी सकाळी नऊला आम्ही फोन लावतो, तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते आणि नातू झोपायच्या आधी पणजीच्या फोटोविषयी काहीतरी विचारतोच. वस्तीत कोणाची मुले परदेशी असतील आणि त्यांना हा हिशेब समजून घ्यायचा असेल, तर त्यांनी खुशाल घरी यावे. वही जपून ठेवली आहे.